लिफ्ट तुटून पडेल ही भीती बाजूला ठेवा, आधी जाळी बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डोंबिवलीत सात मजली बिल्डिंग, २००२ सालची सहा माणसांची लिफ्ट, आतून हाताने ओढायची जाळी, बाहेरून उघडायचा लोखंडी दरवाजा. दोन महिन्यांत तीनदा झटका देऊन मध्येच थांबली, मग मेंटेनन्सवाला येऊन गेला आणि थांबणं बंद झालं, पण परवा पाच जण असताना तळमजल्याच्या चार बोटं खाली जाऊन उभी राहिली. तेव्हापासून सासूबाई पाचव्या मजल्यावरून खाली उतरतच नाहीत. तुम्ही विचारलंय की रोप (लिफ्टचा तारेचा दोर) तुटून लिफ्ट कोसळली तर आतल्याने काय करायचं, शेवटच्या क्षणी उडी मारली तर वाचतो हे खरं का, आणि कमिटीकडे नव्या लिफ्टला पैसे नाहीत तर ही वापरायची की नाही. आणि एकदम शेवटी, जाता जाता, एक ओळ लिहिलीये की हल्ली बिल्डिंगमधली पोरं जाळी अर्धवट उघडी ठेवूनच लिफ्ट चालवतात, सांगून ऐकत नाहीत.

माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न म्हणजे ती शेवटची ओळ. बाकी सगळ्याची उत्तरं देतो, पण आधी हे, कारण हे आजच्या आज करायचंय. जाळी उघडी असताना लिफ्ट हलूच शकत नाही, तशी ती बनवलेलीच नसते. हलत असेल तर दोष पोरांचा नाही, बहुतेक कुणीतरी जाळीचा कॉन्टॅक्ट (जाळी लागली की जुळणारा स्विच) शॉर्ट करून ठेवलाय. मी २७ वर्षं लिफ्टच्या लाईनीत आहे, ठाण्यात हेल्पर म्हणून लागलो, मग टेक्निशियन, मग सुपरवायझर, आता सोसायट्यांसाठी लिफ्ट तपासून रिपोर्ट द्यायचं काम करतो, आणि एवढ्या वर्षांत ज्या अपघातांच्या जागेवर मला जावं लागलं त्यातला एकही रोप तुटून झालेला नव्हता. जवळजवळ सगळे दाराशी झालेले होते.

हे कसं असतं ते सांगतो. जुन्या दिवाळीच्या माळा आठवतात ना, एक बल्ब गेला की सगळी माळ बंद. लिफ्टची सेफ्टी लाईन तशीच असते, प्रत्येक मजल्याच्या दाराचं लॉक, आतली जाळी, वेगावर लक्ष ठेवणाऱ्या गव्हर्नरचा स्विच, वरचा खालचा शेवटचा लिमिट स्विच, स्टॉप बटण, सगळे कॉन्टॅक्ट एकामागोमाग एका वायरीत ओवलेले. एक जरी उघडला तरी मोटरचा करंट जातो, ब्रेक बसतो, लिफ्ट जिथे असेल तिथे उभी. तुमची लिफ्ट झटका देऊन थांबत होती ना, त्याचं नव्वद टक्के कारण हेच असणार, लिफ्ट मजल्यावरून जाताना कॅम (केबिनवरची लॉक उघडणारी पट्टी) एखाद्या दाराच्या लॉकला घासतो नाहीतर दार सैल झालेलं असतं, कॉन्टॅक्ट क्षणभर सुटतो आणि ब्रेक धाडकन बसतो. आतल्याला वाटतं लिफ्ट पडतेय. प्रत्यक्षात लिफ्ट स्वतःचं काम चोख करत असते.

आता मेंटेनन्सवाल्याच्या बाजूने बघा. त्याच्या रूटवर चाळीस-पन्नास लिफ्टा, रात्री नऊला कंप्लेंट, हातात स्पेअर नाही, चेअरमन डोक्यावर उभे, "ते काही माहीत नाही, आजच्या आज चालू करून दे." मग तो काय करतो, चार इंच वायरचा तुकडा घेतो आणि कंट्रोलरमध्ये, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या पॅनलमध्ये, दोन टर्मिनलच्या मध्ये लावतो, याला आम्ही जंपर म्हणतो. लिफ्ट लगेच चालू, कंप्लेंट बंद, सगळे खूश. जंपर हे तपासणीसाठीचं हत्यार आहे, फॉल्ट कुठे आहे ते शोधायला लावायचा आणि निघताना काढायचा. तो तसाच राहिला की माळेतले ते बल्ब कायमचे आंधळे. तुमच्याकडे थांबणं बंद झालं आणि नेमकं त्यानंतर पोरांना उघड्या जाळीने लिफ्ट चालते हा शोध लागला, हे दोन्ही मला तरी वेगळे वाटत नाहीत. बघितल्याशिवाय शपथ घेऊन सांगता येणार नाही, जाळीचा स्विच नुसता वाकलेला किंवा चिकटलेलाही असू शकतो, पण दोन्हीत उपाय एकच, बघेपर्यंत मेन स्विच बंद.

उगाच दुसऱ्यांना नावं ठेवत नाही, मीही हे केलंय. १९९९-२००० ची गोष्ट, मुलुंडला एका बिल्डिंगमध्ये फॉल्ट शोधताना जंपर लावला, फॉल्ट सापडला, दुरुस्त केला, सही घेतली आणि निघालो. लोकलमध्ये बसल्यावर खिशात हात घातला तर वायर सोलल्यावर उरलेला प्लास्टिकचा तुकडा हाताला लागला, आणि तसाच कळव्याला उतरून उलटा गेलो. तोपर्यंत तासभर ती लिफ्ट दार उघडं असताना चालू शकेल अशा अवस्थेत माणसांची ने-आण करत होती. काही झालं नाही. तेव्हापासून मी फक्त लाल, लांब शेपटीचे जंपर वापरतो आणि मोजून नेतो, मोजून परत आणतो.

उघड्या दाराने लिफ्ट हलली तर काय होतं हे मी लिहायला नको, पण थोडं लिहितो कारण कमिटीला सांगायला तुम्हाला लागेल. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये धारावीत पाच वर्षांचा एक मुलगा बाहेरचं दार आणि आतली जाळी यांच्या मधल्या जागेत राहिला आणि लिफ्ट सुरू झाली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मालाडला एका शाळेतल्या शिक्षिका लिफ्टमध्ये शिरत असताना लिफ्ट वर निघाली. २००६ मध्ये टोकियोत शाळेत जाणारा एक मुलगा सायकल घेऊन लिफ्टमधून मागे मागे बाहेर येत होता आणि दार उघडं असताना लिफ्ट वर गेली, त्यानंतर जपानने २००९ पासून नव्या लिफ्टांना असं एक वेगळं साधन सक्तीचं केलं की दार उघडं असताना केबिन हलली तर ती लगेच धरून ठेवायची. तिन्ही लिफ्टांमध्ये आत काय बिघडलं होतं ते वेगवेगळं असेल, त्याबद्दल मी बोलत नाही. पण तिन्ही ठिकाणी माणूस उंबरठ्यावर होता. ना पूर्ण आत, ना पूर्ण बाहेर.

तुमच्याकडे जाळी आहे म्हणून धारावीचा मुद्दा जरा जास्त बोलतो. जुन्या लिफ्टांत बाहेरचं दार आणि आतली जाळी यांच्यात कधी कधी वीतभर जागा असते. मोठा माणूस तिथे मावत नाही म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही, पण चार-पाच वर्षांचं पोर तिथे आरामात उभं राहतं, बाहेरून दार लागलं, आतून जाळी लागली, दोन्ही कॉन्टॅक्ट जुळले, लिफ्टच्या हिशोबाने सगळं बरोबर आहे. इथे जंपरबिंपर काही नको, लिफ्ट एकदम धडधाकट असतानाही हा अपघात होऊ शकतो. बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला पत्र्याची पेटी बसवून ती जागा भरून काढता येते, हजारांतलं काम आहे, लाखांतलं नाही. आणि शक्य असेल तर जाळी काढून आत ऑटो डोअर आणि सेन्सर. जाळीतून हात, पाय, चप्पल, दप्तराचा पट्टा सगळं बाहेर जातं आणि समोरून भिंत सरकत असते. शिवाय जाळी ओढायचा कंटाळा आला की माणसं ती अर्धवट सोडून निघून जातात आणि वरच्या मजल्यावरचा माणूस "कौन है, गेट बंद करो" ओरडत बसतो, हे तर तुम्ही रोज ऐकत असाल.

ऑटो डोअर बसवलं की सगळं झालं असंही नाही हां. सेन्सरला जाड वस्तू दिसते, बारीक दोरी, ओढणीचं टोक, कुत्र्याचा पट्टा दिसेलच असं नाही. मालक आत, कुत्रा बाहेर, पट्टा हाताला गुंडाळलेला, आणि दार बंद होऊन लिफ्ट निघते. कुत्रा असेल तर त्याला उचलून घ्या नाहीतर पट्टा हातात आखूड धरून दोघं एकदम आत जा.

आता रोपकडे येऊ, कारण तुमच्या मनातली भीती ती आहे आणि ती गेल्याशिवाय सासूबाई खाली येणार नाहीत.

तुमच्या लिफ्टला एक रोप नाही, तीन-चार तरी असणार, छपरावर मशीन रूममध्ये जाऊन मोजता येतील. प्रवासी लिफ्टचे सगळे रोप मिळून लागणाऱ्या वजनाच्या बारा पट तरी ताकदीचे घ्यायचे असा नियम असतो, म्हणजे चारातले तीन गेले तरी हिशोबाने उरलेला एक केबिन पेलतो. आणि चारही तुटले असं समजा, तरी केबिनच्या खाली सेफ्टी गिअर असतो. वरती गव्हर्नर नावाचं एक चाक केबिनबरोबर वेगळ्या बारीक रोपने फिरत असतं, ठरलेल्या वेगापेक्षा साधारण पंधरा टक्क्यांच्या वर वेग गेला की ठरावीक टप्प्यावर ते अडकतं, त्याचा रोप ताणला जातो आणि केबिनखालचे जबडे दोन्ही बाजूच्या गाईड रेलना (केबिन ज्यांवरून सरकते त्या लोखंडी पट्ट्यांना) चावतात. ही कल्पना आजची नाही, एलिशा ओटिस नावाच्या माणसाने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात प्लॅटफॉर्मवर स्वतः उभं राहून लोकांसमोर रोप तोडायला लावला होता, प्लॅटफॉर्म जरासा खाली येऊन थांबला. आज आपण दहा-वीस मजल्यांवर राहतो ते त्या जबड्यामुळे.

सगळे रोप तुटून लिफ्ट खरोखर पडल्याचं जे उदाहरण आमच्या लाईनीत सगळ्यांना माहीत असतं ते १९४५ चं आहे, २८ जुलैला धुक्यात अमेरिकेचं बी-२५ बॉम्बर विमान एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळलं, त्यात लिफ्टचे रोप कापले गेले आणि बेटी लू ऑलिव्हर नावाची लिफ्ट चालवणारी मुलगी पंच्याहत्तर मजले खाली गेली. खाली साचलेल्या तुटलेल्या रोपांच्या ढिगाने मार थोडा झेलला असं सांगतात. ती जबर जखमी झाली पण वाचली. म्हणजे रोप तुटायला विमान यावं लागलं.

उडीचं पण संपवून टाकतो. समजा पाचव्या मजल्यावरून, पंधरा मीटरवरून, काहीही न अडता पडली, तर खाली पोहोचताना वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास. तुम्ही कितीही जोरात उडी मारलीत तरी त्यातून ताशी दहा कमी होतील, वर उडी नेमकी कधी मारायची ते बंद केबिनमध्ये कळणार कसं, आणि मोकळं पडताना माणूस तरंगल्यासारखा हलका होतो, पायाने जोर लावायला खाली काही घट्ट लागतच नाही. तर ते विसरा. झटका बसतोय असं वाटलं तर कडेच्या दांड्याला धरा, गुडघे थोडे वाकवा, जाळीपासून लांब भिंतीला टेका. बास.

मग पेपरात "लिफ्ट कोसळली" म्हणून येतं ते काय असतं? बऱ्याचदा दोनपैकी एक. एक म्हणजे बांधकामाच्या साईटवरची लिफ्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात घोडबंदर रोडला बाळकुमजवळ चाळीस मजली बिल्डिंगच्या साईटवर लिफ्ट कोसळून सात कामगार गेले, ती बांधकामाची लिफ्ट होती, तुमच्या घरातली नव्हे. बाहेरून बांधलेली, पाऊस-सिमेंट-धूळ खाणारी, काम संपलं की उतरवून दुसरीकडे नेलेली, तिचं सगळं शास्त्रच वेगळं आणि तिथे जीव जातात ते कामगारांचे, त्यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. आणि दुसरं म्हणजे लिफ्ट पडलेली नसते, घसरलेली असते. तळमजला ओलांडून खाली पिटमधल्या, म्हणजे तळाच्या खड्ड्यातल्या, बफरवर (धक्का झेलणाऱ्या साधनावर) जाऊन बसते. तुमची चार बोटं म्हणजे त्याच रस्त्यावरचं पहिलं पाऊल असू शकतं, म्हणून ते नीट समजून घ्या.

रोपच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे केबिनचा तोल राखणारं वजन असतं. ते केबिनच्या वजनाएवढं अधिक क्षमतेच्या साधारण निम्मं असं भरतात. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे आपल्याकडे ४०८ किलो, माणशी ६८ धरून. समजा केबिन ७०० किलोची आहे, तर काउंटरवेट झालं साधारण ९०० किलो. केबिन रिकामी असेल तेव्हा काउंटरवेट दोनशे किलोने जड, केबिन भरली की केबिन दोनशे किलोने जड. म्हणजे ब्रेक सैल पडला तर रिकामी लिफ्ट वर पळते आणि भरलेली लिफ्ट खाली घसरते. लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, पण एकटा माणूस आत असताना ब्रेक गेला तर लिफ्ट खाली नाही, वर जाते, आणि जुन्या लिफ्टांतला सेफ्टी गिअर फक्त खाली येतानाच चावतो, वर जाताना नाही. त्यामुळे मी मशीन रूममध्ये गेलो की सगळ्यात आधी रोप नाही बघत, ब्रेक बघतो.

लाईट गेली की लिफ्ट पडेल हाही एक गैरसमज, उलट आहे. ब्रेक स्प्रिंगने बसलेलाच असतो, करंट दिला की उघडतो. लाईट गेली, वायर तुटली, फ्यूज उडाला, काहीही झालं तरी ब्रेक बसणार. तो बहुतेक वेळा दोन कारणांनी दगा देतो, लायनिंग झिजलं किंवा ब्रेक ज्याला आवळतो त्या ड्रमवर तेल आलं. २००२ ची मशीन म्हणजे तुमच्याकडे गिअरवाली असण्याची शक्यता जास्त, गिअर बॉक्समध्ये तेल असतं, ऑइल सील कडक होऊन तेल झिरपतं आणि बाजूलाच ब्रेकचा ड्रम असतो. कल्याणला एका बिल्डिंगमध्ये अशीच कंप्लेंट होती, गणपतीत पाहुणे आले की लिफ्ट खाली बसते, एरवी नाही. माणूस दर वेळी येऊन लेव्हलचे स्विच सरकवून जायचा. मी वर जाऊन ड्रमवर बोट फिरवलं, बोट काळं आणि ओलं. तीनशे-चारशे रुपयांचं सील.

तुमच्याकडे हेच आहे का? दोन दिवस एक वही ठेवली तर बरंच कळलं असतं, पण आता लिफ्ट बंद करताय तर आधीच्या आठवणी गोळा करा. भरलेली असताना खाली जाते आणि एकटा माणूस असताना फरशीच्या वर थांबते, असा पॅटर्न असेल तर ब्रेकवर संशय. कधीही कुठेही, वर-खाली कसंही थांबत असेल तर लेव्हलचे स्विच, मॅग्नेट किंवा ड्राइव्हचा प्रॉब्लेम. जुन्या दोन स्पीडच्या मोटरमध्ये वजनाप्रमाणे एखाद-दोन बोटांचा फरक नवीन असतानाही असायचा, पण चार बोटं नाही. आणि पाच जण म्हणजे कोण पाच जण, हेही बघा, सोबत गॅसचा सिलिंडर आणि दळणाचा डबा असेल तर सहा जणांची लिफ्ट केव्हाच भरते. ओव्हरलोडचा भोंगा तुमच्या लिफ्टला आहे का ते विचारा, त्या काळातल्या बऱ्याच लिफ्टांना नसतो किंवा असून बंद केलेला असतो.

अडकण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमची लिफ्ट तीनदा अडकलीये आणि दर वेळी वॉचमनने दार उघडून माणसं वर ओढून काढली असं तुम्ही लिहिलंय. हे मला अजिबात आवडलेलं नाही. आत अडकलेला माणूस सुरक्षित असतो हो, केबिन हवाबंद नसते, जाळीची तर नाहीच, गुदमरायला होतं ते भीतीने. धोका सुरू होतो तो बाहेर काढताना. केबिन मजल्याच्या कमरेएवढी वर अडकलेली असेल तर केबिनच्या फरशीखाली मोकळी जागा दिसते, ती सरळ शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत, माणूस पाय सोडून खाली उडी मारतो, तोल मागे जातो आणि तो त्या फटीतून खाली जातो. त्यासाठी केबिनच्या उंबऱ्याखाली पत्र्याचा ॲप्रन असतो, जुन्या लिफ्टांत तो आखूड असतो नाहीतर गंजून गेलेला. आणि ओढून काढत असताना लाईट आली, कुणीतरी वरून बटण दाबलं, तर? तुमच्याकडे जाळीचा कॉन्टॅक्ट आंधळा आहे हे विसरू नका.

बरोबर पद्धत म्हणजे दोन शिकलेली माणसं. एक वर मशीन रूममध्ये जाऊन आधी मेन बंद करतो, मग ब्रेक थोडा थोडा सोडत हाताने चाक फिरवून केबिन जवळच्या मजल्याला आणतो, दुसरा खाली आतल्यांशी बोलत राहतो. लेव्हल आली की मगच दार. तुमच्या मेंटेनन्सवाल्याकडून वॉचमन आणि बिल्डिंगमधल्या दोघांना हे एकदा शिकवून घ्या, पण दम्याचा पेशंट किंवा लहान मूल आत नसेल तर त्यांनाही सांगा की मेंटेनन्सवाला अर्ध्या तासात येणार असेल तर थांबा. आत अडकलात तर अलार्म दाबा, मोबाईलवरून घरी फोन करा, जाळीपासून मागे बसा. एआरडी (ऑटोमॅटिक रेस्क्यू डिव्हाइस) बसवला तर लाईट गेल्यावर लिफ्ट बॅटरीवर जवळच्या मजल्याला येऊन थांबते, डोंबिवलीत लाईट जाते त्या मानाने हा खर्च मी पहिल्या तीनांत धरेन. (फक्त त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते आणि कुणाला आठवत नाही.)

वॉचमनकडे बाहेरची दारं उघडायची ती त्रिकोणी चावी असेल. ती त्याच्या खिशात किंवा जिन्याखाली खिळ्याला लटकलेली असते, आणि किल्ली आहे म्हणून पेपरवाला, मोबाईल पिटमध्ये पडलेला मुलगा, कुणीही मागतं. दार उघडलं म्हणजे समोर लिफ्ट आहे असं नाही. रात्री, पॅसेजमधला दिवा गेलेला, माणूस फोनवर बोलत दार उघडतो आणि पाय टाकतो. यासाठी माझ्या घरात सगळ्यांना एक सवय लावलीये, आधी केबिनचा दिवा आणि फरशी दिसली पाहिजे, मग पाय. चावी सेक्रेटरीकडे कुलपात, आणि कुणाला दिली त्याची नोंद. मोबाईल पिटमध्ये पडला तर तो आमच्या माणसाने मेन बंद करून काढायचा, कितीही महाग असला तरी. आमच्या लाईनीतलीच माणसं शाफ्टमध्ये जातात, शिकलेली, वीस वर्षं काम केलेली. माझ्या उजव्या हाताच्या करंगळीचं पेर नाहीये, मी शीव्ह (रोप फिरवणारं चाक) पुसत होतो आणि खाली हेल्परने "झालं असेल" म्हणून मेन चालू केला. पाटी लावली नव्हती, कुलूप घातलं नव्हतं, दोष त्याचा निम्मा आणि माझा निम्मा.

पावसाचं दोन ओळीत. पिटमध्ये पाणी दिसलं तर लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन बंद, तळमजल्याच्या बटणाला हात नाही. बेसमेंट असलेल्या बिल्डिंगमध्ये हे दुप्पट महत्त्वाचं, कारण लिफ्ट पाण्यात उतरते आणि दार उघडत नाही. आग लागली तर जिना.

आता पैशाचं. कमिटी म्हणते नवीन लिफ्ट परवडत नाही, मी म्हणतो नवीन लागेलच असं नाही. किती खर्च येईल ते बघितल्याशिवाय सांगणार नाही, मजले किती, दाराची जागा किती, मशीन कुठली, यावर सगळं आहे, आणि न बघता आकडा सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. पण गाईड रेल, काउंटरवेट, केबिनचा सांगाडा सहसा बावीस वर्षांत काही मरत नाही. कंट्रोलर, दारं आणि लॉक, ब्रेकचं काम, गव्हर्नर आणि रोप, हे टप्प्याटप्प्याने बदलता येतं. रोप वयाने नाही, मापाने बदलतात, जाडी मूळ मापापेक्षा ठरलेल्या मर्यादेहून जास्त घटली, तारा तुटून केस उभे राहिल्यासारख्या दिसायला लागल्या किंवा लाल पावडर गळायला लागली की बदलायचे. माझा क्रम विचाराल तर आधी जाळीचा कॉन्टॅक्ट आणि लॉक, त्याच दिवशी ब्रेक, मग ती मधली जागा भरणं, मग ऑटो डोअर, आणि स्टीलची चकाचक केबिन आणि आरसा सगळ्यात शेवटी. सोसायट्या नेमकं उलट करतात. केबिन दिसते ना, ब्रेक दिसत नाही.

आणि एएमसी, म्हणजे मेंटेनन्सचा वर्षाचा करार. तीन कोटेशन मागवायची आणि सगळ्यात स्वस्त घ्यायची, ही सोसायटीची पद्धत मला माहितीये, मी सेक्रेटरीही होतो पाच वर्षं. पण महिन्याच्या त्या पैशात माणूस येतो, रेलला तेल लावतो, केबिन झाडतो, कार्डवर सही घेतो, पंधरा मिनिटांत पुढच्या बिल्डिंगला. त्याला एवढंच विचारा, पिटमध्ये उतरला होतास का, आणि केबिनच्या छपरावर चढला होतास का. पिटमध्ये दुधाच्या पिशव्या आणि क्रिकेटचा बॉल तसाच पडलेला असेल तर उत्तर तुम्हाला मिळालं. वर्षातून एकदा गव्हर्नर हाताने अडकवून सेफ्टी गिअर खरंच चावतो का, आणि क्षमतेच्या सव्वा पट वजन टाकून ब्रेक धरतो का, हे तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. पहिल्यांदा तो कुरकुरेल. करारात लिहून घ्या म्हणजे कुरकुरणार नाही.

कायद्याने आपल्याकडे २०१७ चा महाराष्ट्र लिफ्ट, एस्कलेटर आणि मूव्हिंग वॉकचा कायदा आहे, आधी १९३९ चा होता. लिफ्ट चालवायला लायसन्स लागतं, विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाकडून तपासणी होते, अपघात झाला तर त्यांना कळवावं लागतं आणि ते बघेपर्यंत लिफ्टला हात लावायचा नाही. मालक म्हणून नाव सोसायटीचं असतं, मेंटेनन्सवाल्याचं नाही. लायसन्सची कॉपी ऑफिसात आहे का ते कमिटीला विचारा, एवढ्या एका प्रश्नाने मीटिंगचा सूर बदलतो, असा माझा अनुभव.

तर आज संध्याकाळी असं करा. लिफ्ट तळमजल्याला रिकामी आणा, जाळी उघडी ठेवा, बाहेरचं दार लावून घ्या, सगळे बाहेर. मग कुणालातरी तिसऱ्या मजल्यावरून बटण दाबायला सांगा. लिफ्ट हलली तर मशीन रूममधला मेन बंद करून वर पाटी लावा आणि मेंटेनन्सवाल्याला फोन करा, कंप्लेंट "लिफ्ट थांबते" अशी नको, "जाळी उघडी असताना चालते, लेखी रिपोर्ट द्या" अशी. नाही हललीच तरी ब्रेक बघेपर्यंत दोन दिवस बंद ठेवा. सासूबाईंना तेवढे दिवस जिन्याने नाहीच जमणार, तर औषधं-भाजी वर पोहोचवायचं पोरांवर सोपवा, जाळी उघडी ठेवून लिफ्ट चालवणाऱ्यांवरच.

बाहेरच्या दाराच्या लॉकचा आणि जाळीच्या वरच्या पट्टीचा फोटो टाकलात तर त्या जागेत कुठलं ऑटो डोअर बसेल ते सांगतो. फोटो दार लावलेलं असताना बाहेरून काढा, शाफ्टमध्ये मोबाईल धरून नाही. मशीन रूमचा पाहिजे असेल तर मेंटेनन्सवाला आला की त्याच्याकडून काढून घ्या, ब्रेकच्या ड्रमचा जवळून, आणि त्याला सांगा बोट फिरवून दाखव.